हात कुठं धरू?

गहिनीनाथाचा उजवा हात कोपरात ताठ झाला आणि त्या घराला बसणं कसं ते ठाऊक राहिलं नाही. तो तर एका जागी टिकेचना. ओट्यावरून उठायचा, लिंबापर्यंत जायचा, काहीतरी विसरल्यागत माघारी यायचा, दारात उभा राहायचा, की पुन्हा निघाला. पाथर्डीकडच्या त्या उजाड माळावर जायला होतं तरी कुठं? पण चालायचा बापडा. आणि त्याची बायको मनकर्णा हातातलं पीठ तसंच ठेवून घडीघडी दारात. कुठवर गेले, आले का, का गेले आणखी पुढं.

हात म्हणजे कसा, तर खांद्यापासून मनगटापर्यंत एक सळई. बोटं झकास हलत, मूठ वळे, खांदाही फिरे. कोपर मात्र वाकायचं नाव घेत नव्हतं. पटका बांधता येईना, मिशीला हात पोचेना. आणि घास? भाकरीचा तुकडा उजव्या हातात धरून तो हाताकडे बघत बसायचा, हात त्याच्याकडे बघायचा. शेवटी सगळ्यांना बाहेर काढून, भिंतीकडे तोंड करून, डाव्या हातानं चार घास कोंबायचा.

"डाव्या हातानं ज्येवनारा मानूस म्या आमच्या घरात पाह्यला न्हाई," तो एकदा म्हणाला, "आन् आता त्यो मीच व्हय?"

 मनकर्णेच्या मनात वेगळीच शंका घर करून बसली होती, आपल्याच हातानं तर हे झालं नसेल?

झालं होतं असं. दुष्काळी कामावर तलावाच्या भरावावरून मुरमाची पाटी घेऊन उतरताना गहिनीनाथाचा पाय सरकला. पडताना हात टेकला आणि कोपराचा सांधा निखळला. तिथल्याच दोघांनी ओढून बसवला. आता गहिनीनाथ पडला तालमीतला गडी, यात्रेत कुस्त्या केलेला. आणि तालमीत औषध एकच. सुजलं, चोळा. दुखलं, आणखी चोळा. घरी आल्याबरोबर त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "तेल लाव, मोकळा करू."

तिनं लावलं. जीव ओतून लावलं. दुष्काळाच्या साली करडईचं तेल मिळायचं किती आणि पुरायचं कुठं? तिनं कालवणाला फोडणी द्यायचीच सोडून दिली. बिनफोडणीचं, पांचट कालवण सगळ्या घरानं खाल्लं आणि तेल सगळं त्या कोपरात मुरलं. सकाळ-संध्याकाळ त्याचा हात मांडीवर घ्यायची, अंगठ्यानं रगडायची, मग जोर लावून वाकवायची. तो ओरडायचा. तालमीतला गडी, पण लेकरागत ओरडायचा. ती म्हणायची, "दुखतंय म्हंजी मोकळं व्हतंय." आणि हात दर आठवड्याला आणखी ताठ.

दसरा तोंडावर आला तसा सूर्यभान मुकादम दारात येऊन उभा राहिला. दरसाल तोच यांना ऊसतोडीला राहात्याकडे न्यायचा.

"गहिन्या, कोयता म्हंजी दोन मानसं," सूर्यभान म्हणाला. "येक तोडनार, येक मोळ्या बांधनार. तुझ्या हाताचं काय ते बग. न्हाईतर मला दुसरी जोडी बघावी लागंल, राग नको मानू."

राग कसला मानणार? गहिनीनाथ त्याच्यासमोरच कोयता घेऊन बांधावर गेला आणि वाळक्या बोरीवर घाव घातला. सगळं अंग फिरलं, कोयता हातातून निसटून लांब पडला. सूर्यभानानं तो उचलून आणून त्याच्या डाव्या हातात दिला. 

दुसऱ्याच दिवशी मनकर्णेनं नवऱ्याला एसटीत घातलं आणि नगरच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी कोपराचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला, मग कपाटातून खरी हाडं काढून टेबलावर मांडली. मनकर्णेनं पदर तोंडाला लावला.

"भिऊ नका, बाई. हे दंडाचं हाड. खाली बघा, याला गिरकी आहे, आडावरच्या रहाटाला असते ना, तशी. आणि हे हाताचं हाड, याच्या डोक्याला आकडा. हा आकडा त्या गिरकीवर फिरतो, म्हणून हात वाकतो. पुढून दंडाची बेटकुळी ओढून वाकवते, मागचं मांस ओढून सरळ करतं." त्यांनी हाडं एकमेकांत बसवून फिरवून दाखवली. किती अलगद फिरत होती! मेलेल्या माणसाचं कोपर फिरतंय आणि आपल्या जित्या नवऱ्याचं नाही, हे बघून तिला हुंदका आला.

"यांचा सांधा निखळला तेव्हा बेटकुळीखालच्या मांसात रक्त साकळलं," डॉक्टर पुढं म्हणाले. "गप्प राहू दिलं असतं तर बहुतेक विरलं असतं. कोपर दुखावलं की ते चोळायचं नसतं. चोळून चोळून त्या मांसात हाड धरलंय. हे बघा, हे पांढरं. कुणी चोळलं?"

मनकर्णा पुढं झाली. तिनं तोंड उघडलं, तोवर गहिनीनाथ बोलून गेला.

"गावात हाय येक तालमीतला. त्यानं."

तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

"असो," डॉक्टर म्हणाले. "मी ते हाड काढीन, सांधा सोडवीन. पण पहिल्यासारखा हलेल अशा आशेवर राहू नका. बहुधा मी जिथं ठेवीन तिथंच तो धरून राहील. म्हणून आधीच विचारतो, हात कुठं धरू? पुरता वाकवून ठेवला तर जेवाल, पटका बांधाल, पण कोयता विसरा. जरासाच वाकवला तर खांद्यातून थोडाफार कोयता चालेल, पण घास तोंडाशी येणार नाही. दोन्ही मिळणार नाही. उद्या सकाळी सांगा."

बाहेर पडवीत आल्यावर गहिनीनाथ चालायला लागला. या खांबापासून त्या खांबापर्यंत आणि परत. मनकर्णा त्याच्या मागं मागं.

"सांगायचं काय त्यात?" तो म्हणाला. "कोयत्याला यील आसा धरा म्हनावं."

"आन् ज्येवायचं?"

"डावा हाय की."

"भितीकडं तोंड करून? जलमभर?"

"मग काय करू? घास तोंडाशी येतोय, पन घासच न्हाई, आसा हात घिऊन काय चाटू?"

 पडवीत पेशंटांचे नातेवाईक फडकी सोडून जेवायला बसले होते. मनकर्णेनंही भाकरी काढली. तिथं ना भिंत, ना आडोसा. गहिनीनाथानं इकडंतिकडं पाहिलं, पाठमोरा झाला, डाव्या हातानं तुकडा उचलला. आतल्या खाटेवरच्या एका मुलाची आजी, आक्काबाई नावाची, मोकळ्या मनानं बोलणारी म्हातारी होती. ती म्हणाली, "आरं लेकरा, अन्नाला डावा हात लावू नाही रं. आन्नपूर्णा हाय ती."

वाईट मनात नव्हतं तिच्या. पण गहिनीनाथानं तो तुकडा फडक्यावर ठेवला, फडकं बांधलं आणि उठून फाटकापर्यंत चालत गेला. संध्याकाळपर्यंत तो पाणीसुद्धा प्यायला नाही. फाटकापासून पडवी, पडवीपासून फाटक.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मनकर्णाच आधी बोलली.

"तोंडाशी धरा, सायब."

"अगं ये," गहिनीनाथ ओरडला. "कोयता मग कोन धरनार, तुझा बाप?"

"मी धरीन."

"बाई कोयता मारती व्हय? टोळी दात काढंल."

"काढू द्या. त्येंचं त्वांड, त्येंचे दात. पन तुमी भितीकडं बघून ज्येवलेलं मला न्हाई बगवत. न्हाई बगवत म्हंजी न्हाई!"

ती रडत होती आणि दटावतही होती. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. गहिनीनाथ दाराकडे वळला, थांबला आणि जमिनीकडे बघून म्हणाला, "हूं दे तुझ्या मनासारखं. त्याल बी तुझ्याच मनासारखं चोळलं हुतंस."

तेल लावायला सांगितलं कुणी, हे त्याला आठवू नये? पण काल ज्यानं तिला पाठीशी घातलं, त्यानंच आज हे उकरून काढलं. मनकर्णेचं रडं तिथल्या तिथं थांबलं.

हात तोंडाशी धरला गेला. प्लास्टर निघालं, आणि डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. हात वाकलेला, तिथंच पक्का. मान जराशी खाली घातली की घास तोंडात. पटका गहिनीनाथ स्वतः बांधू लागला. बायकोशी मात्र कामापुरतं बोलायचा, तेही "हां" आणि "न्हाई".

टोळी कधीच गेली होती. ही दोघं मागून राहात्याकडच्या फडात पोचली तेव्हा सूर्यभानानं कपाळाला हात लावला. "तुमचा अर्दा कोयता धरतो, मजुरी बी अर्दीच," तो म्हणाला. मनकर्णा म्हणाली, "धरा की. आमी काय फुकट मागतोय व्हय?" आणि तिनं पदर खोचला.

पहिल्या दिवशी फडातल्या बायका काम सोडून बघत राहिल्या. लंकाबाई, यांच्या शेजारच्या पाचटाच्या कोपीत राहणारी, तोंडात पदर कोंबून हसली. मनकर्णेचा घाव उसाच्या बुडख्याला कमी आणि मातीला जास्त. मागून गहिनीनाथ उसाच्या शेंड्याचं वाढं बाजूला करून मोळ्या बांधत होता. बाईचं काम म्हणून गडी माणूस लाजेल असं काम, पण वाकलेल्या हाताच्या बेचक्यात ऊस असा काही बसायचा की डाव्या हातानं गाठ मारायला सोपं. दोन-तीनदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "बुडाशी मार. खाली. खांद्यातनं न्हाई, कोपरातनं." बस्स, एवढंच.

ती मारत राहिली. कोपरातून. दुपार कलली तेव्हा दंडाची बेटकुळी गोळा होऊन आली, कोपर ठणकायला लागलं. तरी मारत राहिली, कारण थांबलं की तो बघेल.

दिवस मावळायच्या सुमारास चुलीपुढं सगळी टोळी जेवायला बसली. मनकर्णेनं भाकरी मोडली, घास उचलला आणि हात अर्ध्यावरूनच खाली पडला. पुन्हा उचलला. पुन्हा तेच. तिनं चोरून इकडंतिकडं पाहिलं, जराशी पाठमोरी झाली आणि डाव्या हातानं तुकडा घेतला.

लंकाबाईचं लक्ष गेलंच. "आगं बया, हात सुजला की तुझा! थांब, त्याल हाय माझ्याकडं, चोळून देते."

"त्याल न्हाई लावायचं!"

गहिनीनाथ एवढ्या मोठ्यानं ओरडला की टोळीतल्या सगळ्यांचे हात थांबले. सूर्यभान तोंडात घास धरून बघत राहिला. लंकाबाई बाटली घेऊन तशीच उभी.

"कोपराला हात लावायचा न्हाई कुनी," गहिनीनाथ म्हणाला. आवाज आता खाली आला होता. "गप पडू द्या त्येला. आपसूक उतरंल."

मग तो उठला, ताट घेऊन तिच्यापुढं मांडी घालून बसला. तिच्या डाव्या हातातला तुकडा काढून घेतला. उजव्या हातानं भाकरी कालवणात बुडवली आणि हात पुढं केला. पण तो हात त्याच्या तोंडासाठी धरलेला. तिच्या तोंडापर्यंत पोचेना. मधे वीतभर जागा राहिली.

"आवं, लोकं बगत्यात," मनकर्णा पुटपुटली. लग्नातसुद्धा घास घेताना तिनं एवढी मान खाली घातली नव्हती.

"बगू दे," तो म्हणाला. "माझा हात हितवरच येतोय. तू जरा म्होरं ये."

ती पुढं सरकली.