आठ तारखेचा रस्सा

सहदेव परब जन्मात रेशनच्या दुकानाखेरीज कुठल्याही दुकानापुढे रांगेत उभा राहिला नव्हता. त्या रविवारी मात्र अंधेरी स्टेशनबाहेरच्या ‘मिस्टर क्लक’पुढे, जीन्सवाल्या कॉलेजच्या पोरापोरींच्या मागे, तो हातात तीन पुडांचा डबा घेऊन उभा होता. नंबर आला तसं त्याने डब्याचं खालचं पूड उघडून काउंटरवर ठेवलं.

“खोका नको. यात दे. दोन तंगड्या.”

“काका, पार्सल बॉक्समध्येच असतं,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“माझा पोरगा असंच न्यायचा,” सहदेव म्हणाला आणि त्याने पूड पुढे सरकवलं. मुलीने मुकाट्याने तंगड्या पुडात ठेवल्या.

डबा लवूचा होता. लवू सहदेवचा थोरला मुलगा, वय बावीस. रंगीत टीव्ही आल्यापासून उपनगरातल्या प्रत्येक गच्चीवर अँटेनांचं रान माजलं होतं, आणि ते लावायचं काम लवू करायचा. आज मुलुंड, उद्या बोरिवली, परवा घाटकोपर. महिन्यापूर्वी अशाच एका कठडा नसलेल्या गच्चीवर त्याचा पाय घसरला. शिडी धरणारा त्याचा जोडीदार खंडू संध्याकाळी भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीत आला, तेव्हा त्याच्या हातात हा डबा होता. आत सकाळची अर्धी पोळी तशीच राहिली होती.

येत्या गुरुवारी लवूचं महिन्याचं पान होतं. परबांच्या घराण्यात बाराव्या-तेराव्यापेक्षा या पानाला मान जास्त. गेलेल्याच्या जिवाला सगळ्यांत प्रिय असलेला एकच पदार्थ त्या दिवशी पानावर वाढायचा, एकच आणि अगदी तोच. म्हाताऱ्याला बांगडा आवडत असेल तर सुरमई वाढून चालत नाही. तसं केलं तर माणूस उपाशी जातो, असं सहदेवची आई सांगायची आणि सहदेव ते मानायचा. पोराला तो उपाशी पाठवणार नव्हता.

पदार्थ कुठला, हे घरात लहानमोठ्या सगळ्यांना ठाऊक होतं. दर महिन्याच्या सात तारखेला पगार झाला की लवू डब्यातून तळलेली कोंबडी आणायचा. असली पीठ लावून तळलेली कोंबडी विकणारी दोन-चार दुकानं तेव्हा उपनगरात नव्याने निघाली होती, आणि एकेकाच्या लगोलग शाखाही झाल्या होत्या. बाप संपानंतर घरी बसलेला आणि पोरगा खोकेच्या खोके कोंबडी आणतो, असं चाळीत कुणी म्हणू नये म्हणून लवू खोका दुकानातच टाकून कोंबडी डब्यात भरून घ्यायचा. दुकानाचं नाव त्याने कधी सांगितलं नाही, आणि खाणाऱ्यांनी कशाला विचारावं! खंडूलाही माहीत नव्हतं. “काका, सात तारखेला तो एकटाच जायचा. एवढं सांगतो, अंधेरीचं, घाटकोपरचं नाहीतर मुलुंडचं. तिथलीच तीन दुकानं त्याच्या तोंडात असायची.”

म्हणून सहदेव निघाला होता. खालच्या पुडात अंधेरीचं भरून झालं. बसने तो घाटकोपरला उतरला आणि मधल्या पुडात ‘गोल्डन बास्केट’चं घेतलं. वरच्या पुडात मुलुंडच्या ‘रेड कोंब’चं. लवू गेल्यावर गेटवर वॉचमनचं काम धरलेल्या माणसाला आठवड्यात एकच सुट्टी मिळते, ती सगळी त्यात गेली. वाटेत तो मनाशी घोकत होता: खाली अंधेरी, मध्ये घाटकोपर, वर मुलुंड. आणि दर वेळी त्याला आठवत होतं, की घरातल्या चौघांपैकी या कोंबडीचा तुकडा कधीही तोंडात न घातलेला माणूस एकच होता, आणि तो म्हणजे आपण.

सहदेवचा ताठा चाळीत प्रसिद्ध होता. वीस वर्षं कापडगिरणीत साचे चालवलेला माणूस, संपात गिरणी गेली तरी नाकावर माशी बसू द्यायचा नाही. लवूने पहिल्यांदा डबा आणला, मोठ्या हौसेने सगळ्यांत जाड तंगडी बापाच्या ताटात ठेवली, तेव्हा याने ताट सरकवलं होतं. “ही कोंबडी काय भजी? असला पीठ लावलेला माका नको.” पोराच्या कमाईचं खाताना घशाखाली उतरत नव्हतं, हे खरं कारण. पण ते सांगायला जीभ वळली असती तर तो सहदेव कसला? पुढे दर सात तारखेला तो जेवणाच्या वेळी खाली देवळाच्या पायरीवर जाऊन बसायचा आणि डबा रिकामा झाला असेल अशा बेताने परत यायचा. दोन वर्षं त्याने हा हट्ट चालवला, आणि त्याचा त्याला अभिमानही होता. बरं, कोंबडी त्याला आवडत नव्हती असंही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको सुगंधा कोंबडीचा रस्सा करायची. शेजारच्या मालनचा नवरा देवनारला कोंबडीच्या दुकानात कामाला, त्यांच्याकडून वाटा आला, असं ती सांगायची. तो रस्सा मात्र सहदेव बोटं चाटून खायचा.

घरी पोचल्यावर त्याने तिन्ही पुडं जमिनीवर मांडली. सुगंधा आणि दहावीतली मुलगी कुंदा समोर बसल्या. दोघींनीही महिनाभर धड खाल्लं नव्हतं.

“बघा,” सहदेव म्हणाला. “नीट सांगा. घाई नाय.”

सुगंधाने खालच्या पुडातला तुकडा मोडला. “ह्याच ता. ह्येचा तिखट बघ कसा घशाक लागता. लवूचा असाच असायचा.”

“नाही गं आई.” कुंदाने मधल्या पुडातलं चाखलं होतं. “दादाची एवढी तिखट नसायची. मिरी असायची तिच्यात. ही बघ.”

“माका शिकवू नको. मी आये त्याची.”

“मग मी काय नुसती बघत बसायचे? मीपण खायचेच ना!”

वरच्या पुडातलं मुलुंडचं दोघींनी चाखलं आणि दोघी गोंधळल्या. त्याचं पीठ जाड होतं, तसं लवूच्याही कोंबडीचं असायचं. पण लवूचं येईपर्यंत डब्यात वाफ धरून मऊ पडलेलं असायचं आणि हे अजून कुरकुरीत होतं. मग त्यांनी पुन्हा खालचं चाखलं, पुन्हा मधलं. सुगंधा म्हणाली, मीठ असं नव्हतं. कुंदा म्हणाली, रंग असा नव्हता. एक म्हणाली अंधेरी तर दुसरी घाटकोपर, आणि थोड्या वेळाने सुगंधा मुलुंड म्हणायला लागली आणि कुंदा अंधेरी.

“एक महिनो झालो,” सुगंधा एकदम म्हणाली, “आनि माका माज्या झिलाच्या डब्यातली चव आठवत नाय.” तिने तुकडा पुडात टाकला आणि पदर तोंडाला लावला. कुंदाही रडायला लागली.

सहदेवला काय करावं कळेना. गुरुवार चार दिवसांवर आला होता. या दोघी सांगणार नसतील तर सांगणारं कुणीच नव्हतं. त्याला स्वतःची चीड आली. सात तारखेच्या चोवीस रात्री देवळाच्या पायरीवर बसून घालवल्या. त्यांतली एक जरी ताटावर घालवली असती, तर आज पोराच्या पानावर काय वाढायचं ते या दोघींना विचारावं लागलं नसतं. काहीतरी करायचं म्हणून त्याने अंधेरीची तंगडी उचलली आणि पहिल्यांदाच तिचा घास घेतला. पीठ, तिखट, तेल. त्याला त्यातलं काही कळलं नाही. मुलुंडचीही तशीच गेली. मग त्याने घाटकोपरची घेतली, वरचं पीठ बोटाने खरवडून बाजूला काढलं आणि हाडाजवळचं मांस खाल्लं.

तो खायचा थांबला. पुन्हा एक घास घेतला आणि हळूहळू चावला. ताकासारखा आंबूसपणा, आणि त्याच्यामागून, अगदी शेवटी, ओवा.

“ही,” तो म्हणाला.

“तुमका काय म्हायत?” सुगंधा डोळे पुसत म्हणाली. “तुमी कधी खाल्लास?”

“मीही तेच म्हणतंय. मी कधी खाल्लंय नाय. मगे ही चव माका कशी म्हायत?” त्याने तंगडी पुढे केली. “ओवो असा ह्येच्यात. तुज्या रश्श्यात लागायचो तोच. मी विचारलेलंय तुका, रश्श्यात ओवो घातलंस काय गो? तू नाय म्हणालंस.”

सुगंधाने कुंदाकडे पाहिलं, आणि कुंदाने मान खाली घातली. तिलाही ठाऊक होतं.

“मालनीन कोंबडी दिल्यान, असा सांगायचंस ना तू?”

“मालनीन कधीच काय दिल्यान नाय,” सुगंधा म्हणाली. “ती लवूचीच असायची. तुमी पयल्या दिवशी ताट सरकवलास ना, तेच रातीक तेना माका सांगल्यान. आये, अण्णांची तंगडी दर वेळी बाजूला काढून ठेव. पीठ धुवून टाक आणि उद्या तुझ्या मसाल्याच्या रश्श्यात सोड. विचारलं तर मालनचं नाव सांग. त्यांना कळू देऊ नकोस, त्यांचं मन मोडेल.”

“लवूक म्हायत होता?”

“तेचोच बेत तो.”

सहदेव तंगडी हातात धरून बसून राहिला. त्याला आठ तारखेच्या दुपारी आठवायला लागल्या. आठ तारखेला लवू कामावर उशिरा जायचा. जेवून उठला, की चपला घालता घालता उंबऱ्यावरून विचारायचा, “अण्णा, रस्सा कसा झालाय?” महिन्यातल्या बाकी कुठल्याही दिवशी त्याने कधी आमटीचं विचारलं नाही, माशाचं विचारलं नाही. आठ तारखेलाच विचारायचा. आणि सहदेव हाड चोखत ठसक्यात सांगायचा, “हेका म्हणतत कोंबडी! तुज्या त्या दुकानवाल्यांका हयसर धाड, आयेकडे शिकाक.” त्यावर पोरगा खदखदून हसायचा. सहदेवला वाटायचं, आपण बरी जिरवली. पोरगा हसत हसत जिना उतरून जायचा, आणि त्याची शीळ पार खालच्या नळापर्यंत ऐकू यायची.

दोन वर्षं पोराने बापाला खाऊ घातलं आणि बदल्यात टोमणे ऐकून घेतले. एकदा, निदान एकदा त्याने सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, हे मात्र सहदेवला पक्कं ठाऊक होतं: रस्साही सरकवला असता. बायकोमुलीसमोर कधी न रडलेला तो माणूस मग रडला. हाताला तेल होतं, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. कुंदाने आपल्या ओढणीने ते पुसले.

गुरुवारी तो गेटवरून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन घाटकोपरला गेला आणि तोच डबा भरून आणला. सुगंधाने जमीन सारवल्यासारखी पुसून घेतली, केळीचं पान मांडलं, बाजूला पाण्याचा तांब्या ठेवला. सगळ्यांत जाड तंगडी पानावर वाढली. मग घरच्यांची ताटं घेतली. सहदेवच्या वाट्याची तंगडी हातात घेतली तसं तिने सवयीने नखाने तिचं पीठ सोलायला सुरुवात केली.

“पीठ काढू नको गो,” सहदेव म्हणाला. “तेना आणल्यान तशीच वाढ.”

तिने तशीच वाढली. डब्यातल्या वाफेने पीठ मऊ पडलं होतं, लवूने आणल्यावर पडायचं तसंच. सहदेव पानासमोर मांडी घालून बसला आणि पिठासकट सगळी तंगडी त्याने खाल्ली, हाड कोरडं होईपर्यंत. खाताना त्याचं लक्ष उंबऱ्याकडे होतं. तिथे लवूच्या चपला अजून तशाच होत्या, त्या काढायचं कुणाच्या जिवावर येत नव्हतं. आज कुणी काही विचारणार नव्हतं. तरी हाड ताटात ठेवल्यावर तो तिकडे बघून म्हणाला, “बरी झाली असा रे झिला. तुजी कोंबडी बरी झाली असा.”

मग सुगंधाने त्याच्या हातावर पाणी घातलं.