वरची कवळी

त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत तो सव्वीस वर्षं कवळ्या बनवत होता, आणि अर्ध्या मिलिमीटरसाठी अख्खी कवळी मोडून पुन्हा करायला बसायचा, म्हणून हे नाव पडलं. त्याला ते आवडायचं. त्यात थोडी चेष्टाही असेल, हे वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, एका मंगळवारी, नऊ पानी रिपोर्ट वाचताना त्याला पहिल्यांदा सुचलं.

रिपोर्ट मनाच्या डॉक्टरीणबाईंनी दिला होता. त्या म्हणाल्या, "पूर्वी याला अ‍ॅस्पर्जर म्हणायचे. आता ते नाव वेगळं ठेवत नाहीत, ऑटिझममध्येच धरतात. पण जुनं नाव लोकांच्या तोंडी बसलंय."

"यावर औषध काय?"

"हा आजार नाही. तुमची घडणच तशी आहे, जन्मापासून."

"मग आजवर कुणी बोललं का नाही?"

"काम चोख, कुणाला त्रास नाही. अशी माणसं नजरेतून सुटतात."

"बायकोला आहे त्रास," मिलिमीटर म्हणाला. चुकीची नोंद त्याला कुठेच चालत नसे. बाईंनी ते लिहून घेतलं.

खरं तर बायकोमुळेच तो इथवर आला होता. ती पाच आठवडे आईकडे राहत होती. पहिले नऊ दिवस त्याला वाटलं, वडील गेलेत, आईला सोबत हवी म्हणून राहिली आहे. दहाव्या दिवशी तिनेच फोनवर सांगितलं, की ती त्याला सोडून गेली आहे. "स्वतःला तपासून घे," ती म्हणाली. "नक्की काय आहे ते कळू दे. मग मी परत यायचं की नाही ते ठरवीन." त्याने दुसऱ्याच दिवशी वेळ घेतली. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे, फक्त सांगावं लागे.

तपासणीत एक लांबलचक फॉर्म होता. 'दुसऱ्याचं दुःख तुम्हाला जाणवतं का?' कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. मिलिमीटरने पेन खाली ठेवून विचारलं होतं, "कुठल्या दुसऱ्याचं?" बाई हसल्या नाहीत, हे त्याला बरं वाटलं.

सासऱ्यांचं मात्र त्याला जाणवायचं. त्यांची कवळी त्यानेच केली होती, आणि ती एकदाची बसेपर्यंत सात वेळा घासली होती. म्हातारा ताठ्याचा माणूस. दात नसलेलं तोंड त्यांनी बायकोलाही कधी नीट बघू दिलं नव्हतं. कवळी बसल्यावरही ते दर गुरुवारी त्याच्या खोलीत येऊन तासभर बसत. तो काम करायचा, ते बघायचे. दोघांत चार वाक्यंसुद्धा होत नसत, आणि दोघांनाही ते मानवायचं. आता गुरुवारी ते स्टूल रिकामं असे. त्याने ते भिंतीला लावून ठेवलं होतं, आणि त्याकडे लक्ष गेलं की त्याला वाईट वाटायचं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

सासरे दुपारी गेले. मिलिमीटर तासाभरात पोचला. खोली माणसांनी भरली होती, सगळे रडत होते. त्याने सासऱ्यांकडे पाहिलं, तर वरची कवळी पुढे सरकून बसलेली आणि ओठ फुगलेला. तो आत जाऊन साबणाने हात धुऊन आला, वाकला, भरल्या घरासमोर त्यांचं तोंड उघडलं, कवळी काढली, नीट बसवली, ओठ सारखा केला आणि म्हणाला, "आता ठीक आहे." कुणाच्या तरी हातातला पेला पडला. मग त्याने घड्याळ पाहिलं. चार वाजता एकाची कवळी द्यायची होती. तो निघून गेला.

रिपोर्ट चार वेळा वाचल्यावर त्याला थोडा रागही आला. पान पाचवर लिहिलं होतं, 'समोरच्याच्या चेहऱ्यावरून भावना ओळखणे अवघड जाते.' म्हणजे बाकीच्यांना ते दिसत होतं! शाळेत, लग्नात, जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना सगळं दिसत होतं, आणि याला वाटायचं लोक अंदाज करतात. रागाच्या मागून हायसंही वाटलं. आपण मुद्दाम वाईट वागत नव्हतो, हे नऊ पानांवर सही-शिक्क्यानिशी होतं. आता ते बायकोला दाखवायचं, की प्रश्न मिटला. असा त्याचा हिशेब.

दार सासूबाईंनी उघडलं. "या," त्या म्हणाल्या, आणि तो चपला काढत असतानाच, जणू बरेच दिवस अडलेलं असावं तसं, बोलून गेल्या. "ती कवळी मीच बसवली होती. त्यांना तसं कुणी बघू नये म्हणून घाई केली. तोंड त्यांचं वाटेचना. तुम्ही नीट केलीत, तेव्हा मला माझा माणूस दिसला."

"पुढची कड आधी टेकवली असणार," मिलिमीटर म्हणाला. "मागची आधी टेकवायची."

"असेल," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत आत गेल्या.

बायको खिडकीपाशी बसली होती. तिने रिपोर्ट पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. तिचं वाचून होईपर्यंत तो उभाच राहिला. मग त्याने वाटेत तयार केलेलं वाक्य म्हटलं. "हे बदलत नाही. आमच्या कामात तोंड कधी घासत नाहीत, कवळी घासतात."

"माहितीये," ती म्हणाली. "आणि या संसारात अठरा वर्षं कवळी मीच."

त्याने तिच्या हातून रिपोर्ट घेतला आणि पानं कडेला कड लावून सारखी केली.

"आई मघाशी काय म्हणाली ते ऐकलं मी," ती पुढे म्हणाली. "पण मी त्या कवळीसाठी रागावलेच नव्हते. बाबांना तेच आवडलं असतं, एवढं मला कळतं. मी पलंगाच्या त्या बाजूला उभी होते. तू आलास, त्यांच्याकडे बघितलंस, घड्याळाकडे बघितलंस आणि गेलास. माझ्याकडे बघितलंच नाहीस."

मिलिमीटरने तो दिवस आठवून पाहिला. कवळी आठवली, साबण आठवला, घड्याळातली वेळसुद्धा आठवली. बायको आठवेना. त्याला स्वतःची भीती वाटली.

कवळी टोचते म्हणून माणूस आला की तो त्याच्या दातांत निळा कागद धरून चावायला लावायचा. जिथे दाब जास्त, तिथे निळा ठिपका उमटतो, आणि तेवढंच घासायचं असतं. पण त्याआधी तो प्रत्येकाला एक प्रश्न विचारायचा. सव्वीस वर्षांत हजारोंना विचारला असेल. घरात कधी विचारला नव्हता.

त्याने खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसला, खिशातली कामाची वही काढली आणि विचारलं, "कुठे कुठे टोचतं?"

"लिहून घेणार आहेस?"

"अंदाजाने घासलेली कवळी परत येते."

ती हसली नाही, पण हसू आवरायला तिला खाली बघावं लागलं. हे त्याला कळलं नाही.

"सात गोष्टी आहेत," ती म्हणाली. "सातही लिहून झाल्या, की माझी बॅग उचल. पहिली. घरात आलास की आधी माझ्याकडे बघायचं. काही बोलायला सुचलं नाही तरी चालेल."

त्याने लिहिलं. मग पेन वर धरून तिच्याकडे बघत विचारलं, "किती वेळ?"

तो वाट बघत राहिला. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, केस तिने कापून घेतले होते.

"आत्ता बघतोयस तेवढा," ती म्हणाली.

मिलिमीटरने मनातल्या मनात मोजलं आणि पहिल्या ओळीपुढे लिहिलं, अकरा सेकंद.