चार नंबरचं पुढचं दार

"खिडकीतूनच काढावं लागेल," टेप गुंडाळत हॉबडे म्हणाला. गावातल्या सगळ्या मयती त्याच्याकडेच असत. "वाईट वाटून घेऊ नकोस पोरी. मधली चौकट नंतर त्यासाठीच सुटी करून घेतलीय. इथले सगळे तसेच गेले."

मी टेप परत मागितली आणि तिसऱ्यांदा मोजलं. दार रुंद होतं. पण वारा लागू नये म्हणून पोर्चची वाट बाजूने काढलेली. तिथे आईची शवपेटी वळवायची, तर समोरच्या भिंतीला जडवलेलं ओकचं बाक आडवं येत होतं.

बाकाच्या पाठीवर गावच्या जमीनदार लेडी वेलबींच्या मुलाचं नाव आहे. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये मारला गेला आणि त्याचं काहीच सापडलं नाही. त्याच्या आठवणीसाठी बाईंनी थकलेल्या नोकरमाणसांना ही सहा घरं बांधून दिली. उंच धुराडी, शिशाच्या जाळीच्या खिडक्या, प्रत्येक पोर्चमध्ये त्याच्या नावाचं बाक. ज्याची पेटी घरी आलीच नाही, त्याच्या स्मारकात पेटीचं माप कोणी धरलं नव्हतं.

आई वेलबींच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं होती. मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. हे घर मिळालं त्या दिवशी ती पुढच्या दाराने आत गेली, बाहेर आली आणि उगाचच पुन्हा आत गेली.

"मला खिडकीतून नका काढू," मार्चमध्ये ती एवढंच म्हणाली होती.

या घरांच्या विश्वस्तांचे चिटणीस पार्जेटर आले. "बाकाला हात लावता येणार नाही. इमारत संरक्षित आहे. अर्ज करा, दोनेक महिन्यांत उत्तर येईल."

"तोवर आईने काय करायचं?"

"मर्टलबाईंबद्दल मला आदरच आहे. पण खिडकीत कमीपणा कसला?"

"तुमच्या आईला कुठून नेलं?"

चर्चची घंटा सुरू झाली. मी खिडकीपाशी गेले, दारापाशी आले, पुन्हा खिडकीपाशी गेले. हॉबडेची माणसं चौकट सैल करत होती.

तेवढ्यात शेजारचा एमस ट्रँटर सपाता फरफटत आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा सुतार, हातात पाना.

"चार बोल्ट आहेत. मीच बसवलेत."

"ट्रँटर, नियम माहीत आहेत ना तुम्हाला?"

"मला घराबाहेर काढायचं तर काढा, साहेब. फक्त दारातून काढा."

चौथा बोल्ट निघाला तसं बाक कलंडलं. पार्जेटरांनी पटकन हात दिला.

"आता धराच," एमस म्हणाला. "भिंतीचं बाक ते. मागचे पाय नाहीत त्याला."

दोघांनी ते हिरवळीवर नेलं. एमस दम खात बाजूला झाला.

आईला दारातून आणलं, पोर्चमध्ये वळवलं. विटांना कुठेही घासलं नाही. पेटी समोरून जाताना पार्जेटरांना टोपी काढायची होती, पण हात मोकळा नव्हता. त्यांनी मान खाली घातली, आणि आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत ते तसेच बाक धरून उभे होते.