जावईबापू काय म्हणतात?

"जावईबापू काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"काळा जिंकतो म्हणतात. पांढऱ्याला काही आशाच नाही."

"हं," बाबा म्हणाले आणि पुन्हा पटावर वाकले.

जावईबापू म्हणजे आमचा लॅपटॉप. खरं तर लॅपटॉपमधलं बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे चाली शोधून देणारा प्रोग्राम. मी लग्न केलं नाही. नातेवाइकांनी बरीच वर्षं माझं डोकं खाल्लं आणि मग तेच दमले. हे इंजिन घरात आलं तेव्हा बाबांनी आठवडाभर त्याचं वागणं पाहिलं आणि जेवताना जाहीर केलं, की हा एका जागी बसून असतो, बसल्या बसल्या वीज खातो, प्रत्येक गोष्टीत मत देतो आणि स्वतः कधी चुकत नाही, तेव्हा हा आपला जावईच. "एकदाचा मिळाला बाई," असंही म्हणाले. मी ठसका लागेपर्यंत हसले होते. तेव्हापासून आमच्या घरात इंजिनाला इंजिन कोणी म्हटलं नाही.

आम्ही आलो होतो ती स्पर्धा बुद्धिबळाची कोडी सोडवण्याची. एका शाळेच्या व्यायामशाळेत टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर दोन माणसं, एक पट आणि एक मशीन. इंजिन वापरायला परवानगी आहे, पण आयोजक कोडीच अशी शोधून आणतात, की मशीनचं ऐकलं की माणूस खड्ड्यात. निदान शेवटचं कोडं तरी तसं असतंच. गेली काही वर्षं आम्ही बापलेक येतोय. मी मशीन चालवते, बाबा बघतात.

बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन होते. खांबावर चढून बिघाड शोधायचे आणि वर बसल्या बसल्या मनात कोडी सोडवायचे. आज व्यायामशाळेत शिरल्या शिरल्या त्यांनी जमिनीवर पसरलेल्या वायरी पाहिल्या आणि म्हणाले, "हे ज्यानं ओढलंय त्याला आधी खांबावर चढवा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. हल्ली बाबा असं अगदी त्यांच्यासारखं काही बोलले, की मी ते मनात जपून ठेवते. दादाला सांगायला.

कारण या वेळी मी नुसती स्पर्धेला आले नव्हते. दादाशी पैज लावून आले होते.

झालं असं, की मागच्या महिन्यात मी दुकानात कामावर असताना बाबांनी गॅस चालू ठेवला. पेटवलेला नाही, नुसता चालू. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून निभावलं. त्याआधी एकदा घराचा रस्ता चुकले होते, पण ते मी दादाला सांगितलं नव्हतं. गॅसचं मात्र काकूंनीच त्याला फोन करून कळवलं. दादा दुसऱ्या गावी असतो. त्यानं लगेच एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली. माणसं चांगली आहेत म्हणे, डॉक्टर येतो, बाग आहे. बाग आहे हे तीनदा म्हणाला, जसं काही बाबा गुलाब आहेत.

मी चिडले. म्हटलं, "ज्या माणसाचं डोकं मशीनला भारी पडतं त्याला तू दुसऱ्यांच्या हवाली करणार? स्पर्धा होऊ दे. बाबांनी शेवटचं कोडं सोडवलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि नाही सोडवलं तर?"

"तर तू म्हणशील तसं," मी बोलून गेले. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते कबूल करतं. त्या दिवसापासून मला धड झोप नव्हती.

आता ते शेवटचं कोडं आमच्यासमोर होतं. पांढऱ्याची चाल. पांढऱ्याकडे एक हत्ती आणि प्याद्यांची वाकडीतिकडी रांग. काळ्याकडे दोन हत्ती, एक उंट, समोर तशीच प्याद्यांची रांग. पांढरा वाचतो का, एवढंच सांगायचं, आणि पहिली चाल लिहायची. कोण किती पुढे आहे ते जावईबापू आकड्यात सांगतात, आणि त्यांनी भलामोठा आकडा दाखवला होता. काळा जिंकतो, संपलं.

बाबा हलत नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होते. चष्म्याच्या दुकानात माझं काम काय, तर समोरच्याच्या डोळ्यांवर भिंगं बदलत विचारत राहायचं, आता नीट दिसतं की आधीचं बरं होतं? हल्ली घरीही माझं तेच चालतं. बाबा एखाद्या वाक्याच्या मध्येच थांबले, की मी श्वास रोखून बघत राहते. आज बुटाची नाडी बांधताना थांबले होते. निघताना मात्र दारातून ओरडले, "जावईबापू निघाले का?" मी म्हटलं, "केव्हाच. बॅगेत बसलेत." तेव्हा मला हसू आलं होतं.

"हत्ती देऊन टाक," बाबा म्हणाले.

"काय?"

"हत्तीनं शह दे. प्याद्यानं मारतील. बरोबरी."

पांढऱ्याकडे होता तोच एक हत्ती. तो फुकट द्यायचा म्हणजे घरातलं शेवटचं भांडंही भंगारवाल्याला देण्यासारखं. "बाबा, मग आपल्याकडे राहिलं काय?"

"बरोबरी," ते पुन्हा म्हणाले.

पूर्वी ते समजावून सांगायचे. बोट ठेवून, इथून आला तर असं, तिथून आला तर तसं, माझा जीव मेटाकुटीला येईपर्यंत. आज फक्त बरोबरी. नंतर ते खिडकीकडे बघायला लागले, जसं काही त्यांचं काम झालं होतं.

मी ती चाल मशीनवर टाकली. आकडा काळ्याच्या बाजूनं आणखी चढला. शेजारच्या टेबलावरचे दोघं उत्तर लिहून हात झटकून बसलेसुद्धा. पंच घड्याळ बघत उभे होते. खरं सांगते, त्या क्षणी मला स्पर्धेचं काही पडलं नव्हतं. मला एवढंच कळायला हवं होतं, की माझे बाबा अजून आहेत की गेले. आणि ते मला कळत नव्हतं, कारण मला तेवढं बुद्धिबळच येत नाही. मनात असंही आलं, की मशीनचं उत्तर लिहावं आणि दादाला सांगावं बाबांनी सोडवलं. त्याला कुठं काय कळणार आहे?

मग मला बाबांचंच एक बोलणं आठवलं. "जावईबापूंचा आकडा वाढत चालला तर घाबरायचं. एका जागी थांबला, की समजायचं, यांना पुढची वाट सापडत नाहीये, नुसता रुबाब चाललाय." मी आकड्याकडे पाहिलं. तो चढून थांबला होता. पण खरंच थांबला होता, की जरा वेळानं पुन्हा चढणार होता, काय सांगावं?

पंचांनी हात वर केला. मी हत्तीची चाल लिहिली, पुढे बरोबरी लिहिलं आणि कागद देऊन टाकला. माझं अक्षर मलाच ओळखू आलं नाही.

निकाल सांगताना पंच म्हणाले, शेवटच्या कोड्याचं बरोबर उत्तर एकाच टेबलाचं आहे. त्यांनी आमच्याकडे बोट केलं. मी उठले ती खुर्ची पाडूनच. पंचांनी बाबांना पुढे बोलावलं. "काका, जरा सगळ्यांना दाखवा."

उत्तर अंदाजानं आलं असेल तर? बाबा सावकाश वायरी चुकवत भिंतीवरच्या मोठ्या पटापर्यंत गेले. कोटाचं बटण लावलं. आणि बोलायला लागले.

"हत्तीनं शह दिला. राजाला पळायला जागा नाही, प्याद्यानं मारावाच लागतो. मारलं की ते प्यादं तिरकं सरकलं, शेजारच्या पट्टीत आलं. आता बघा, पूर्ण पटावर आत यायला ही एकच फट होती. ती त्यांनी स्वतःच बुजवली. समोर आपलं प्यादं, म्हणजे त्यालाही हलता येत नाही. उंट एकटा आत आला तरी आपली प्यादी त्याच्या रंगावर नाहीत. आता त्यांच्याकडे दोन हत्ती असू देत, नाहीतर दहा. भिंतीपलीकडे नुसते फिरतील. आपला राजा इकडे तिकडे करत बसेल निवांत." मग आमच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "मशीन सोंगट्या मोजतं. दार बंद आहे हे त्याला दिसत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

चहाची वेळ झाली. बाबा चहा आणायला गेले आणि मी टेबलाशीच दादाला फोन लावला.

"सोडवलं," मी म्हटलं. "एकट्या बाबांनी. सगळ्यांसमोर समजावून दिलं, एका शब्दालाही अडखळले नाहीत. आता बोल."

"खरंच?" दादाचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. "अगं, मग बरंच झालं की. मला काय हौस होती का? जाऊ दे तो विषय. बाबांना दे ना फोन."

"थांब, आलेच."

बाबा ट्रे घेऊन येत होते. ट्रेमध्ये तीन कप होते. एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला, एक स्वतःपुढे. तिसरा लॅपटॉपसमोर ठेवला आणि वर बशी झाकली, गार होऊ नये म्हणून.

मी हसले. "वा, आज सरबराई."

बाबा हसले नाहीत. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मघापासून काही बोलत नाहीयेत. रागावलेत का गं?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. कुठेतरी ओठाच्या कोपऱ्यात ते हसू असेल म्हणून शोधत राहिले.

"चारचौघांत त्यांना खोटं पाडलं मी," बाबा म्हणाले. "सासऱ्यानं असं करू नये. मी काय, घरी निघून जाईन, पण संसार तुला करायचाय."

"बाबा," मी म्हटलं.

ते उठले. लॅपटॉपसमोर उभे राहिले, कोट खाली ओढून नीट केला. "राग मानू नका," ते म्हणाले. "पोरीचं काही चुकलेलं नाही. मीच तिला लिहायला सांगितलं." आणि उत्तराची वाट बघत तसेच उभे राहिले.

माझ्या हातातला फोन चालूच होता. पलीकडे दादा सगळं ऐकत होता.

"नाही रागावले, बाबा," मी म्हटलं. "म्हणतात, तुमचंच बरोबर होतं."

"म्हणाले असं?"

"हो. बसा तुम्ही."

बाबा बसले. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्यांनी हात पुढे करून तिसऱ्या कपावरची बशी काढली, कप लॅपटॉपच्या आणखी थोडा जवळ सरकवला आणि मग आपला चहा प्यायला घेतला.