बानाचे दोन चिमटे

मी घोंगडी बोलतेय. पुरी नाही, अर्धीच. पण बोलायला अर्धी पुष्कळ झाली.

माझी लोकर बिडकीनच्या मुंजाबाच्या मेंढरांची. पंधरा वर्षं त्याच्या खांद्यावर मी ऊन-वारा खाल्ला. मग मला कसर लागली. मुंजाबानं खराब बाजू कापून टाकली आणि उरलेली शाळेत नेऊन दिली. म्हातारपणी माझं नाव शाळेत घातलं बघा!

दुसरीच्या वर्गाला आशाबाई होत्या. त्या नुकत्याच संभाजीनगरहून एक प्रशिक्षण करून आल्या होत्या. मनात काय चाललंय ते लेकराला ओळखता आलं, त्याला नाव देता आलं, की निम्मं दुखणं हलकं होतं, असं त्यांना तिथं पटलं होतं. त्यांनी मला वर्गाच्या भिंतीवर टांगलं आणि माझ्या अंगावर कापडाचे चार चेहरे शिवले. आनंद, राग, भीती आणि दुःख. वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात तसा एकेक चिमटा लेकरांच्या नावानं ठेवला. सकाळी आलं की ज्याला जसं वाटतंय त्या चेहऱ्याला त्यानं आपला चिमटा लावायचा.

मुख्याध्यापक रामकिसन गुरुजी दारातूनच म्हणाले, "बाई, चिमटे लावून पाढे येणार आहेत का?"

"मन ठिकाणावर असलं तर येतील, सर," बाई म्हणाल्या.

मला मात्र लई करमायचं. सांडू नावाचा पोरगा रोज रागावर, कारण त्याची ताई आंघोळीचं गरम पाणी आधीच संपवायची.

आणि बाना रोज आनंदावर. ही मुंजाबाची नात. तिचे आई-बाप मेंढरं घेऊन गोदाकाठानं लांब गेले होते. दरवर्षी तीही जायची. यंदा शिकू दे म्हणून तिला आजोबाकडं ठेवली होती.

"शाब्बास, बाना! रोज आनंदात!" बाई म्हणायच्या. आणि रोज दुपारी खिचडीचं ताट समोर आलं की बाना पोट धरून बसायची. मुंजाबानं ओवा चारला, दृष्ट काढली, दवाखान्यात नेऊन दोनदा सुई टोचून आणली. कुणी म्हणे जंत, कुणी म्हणे नजर. पोरगी वाळत चालली. मधल्या सुट्टीत ती माझ्यात तोंड खुपसून मेंढरांचा वास घ्यायची आणि मुसमुसायची. मी भिजून जायचे. आनंदातलं लेकरू असं रडतं व्हय? पण घोंगडीला विचारतो कोण!

एका सोमवारी बाईंनी स्वतःचा चिमटा आणला आणि भीतीवर लावला.

"बाई, तुमी बी भेता?" सांडूनं विचारलं.

"भेते की रे. माझ्या आईचं उद्या ऑपरेशन आहे. सकाळपासून पोटात गोळा आलाय, चहासुद्धा गेला नाही."

बाना उभी राहिली. "बाई, भ्यालं की पोट दुखतंय?"

"दुखतं ना. लई दुखतं."

बाना माझ्यापाशी आली. तिनं आनंदावरचा चिमटा काढून भीतीवर लावला. मग वळून म्हणाली, "अजून एक चिमटा द्या ना. दोन लावले तर चालतंय का? मला राग बी आलाय."

"चालतंय," बाई म्हणाल्या आणि तिच्याजवळ फरशीवर बसल्या. कसला राग, म्हणून खोदून विचारलं नाही. नुसत्या थांबल्या.

मग सगळं बाहेर आलं. बाजारात न्यायची मेंढी वेगळी काढली की तिच्या कपाळाला तांबडा ठिपका लावायची मुंजाबाच्या घरची रीत. निघायच्या दिवशी आईनं बानाला पोटाशी धरलं, तोंडावरून हात फिरवला. मग पोरीनं आरशात पाहिलं, तर कपाळावर तसाच ठिपका!

"मला कळपातून काढलं," बाना म्हणाली. "माझ्या हातून कोकरू हरवलं ना, म्हणून. आन् रडले तर आजा बी काढून टाकील."

म्हणून रोज आनंद! अगं माझ्या बाये, तो तांबडा रंग मी पंधरा वर्षं पाहिला, पण मलाही हे सुचलं नाही.

बाईंनी मुंजाबाला बोलावून घेतलं आणि बानाच्या आईला, आक्काबाईला, फोन लावला. आधी नुसता मेंढरांचा गलका. बाईंनी सगळं सांगितलं, मग आक्काबाईचा हुंदका.

"अगं माझे माय! त्या दिशी मी मेंढरंच रंगवत होते. तुला धरायच्या घाईत हात पुसायचा राहिला. लेकरू कुणी बाजारात काढतं का गं? आन् कोकरू तर दुसऱ्याच दिशी घावलं!"

बाना आधी कडाकडा भांडली. "मग सांगितलं का नाय? मला न इचारता का ठिवलं?"

"चुकलंच माझं. संक्रांतीला येते, तवा हाण मला."

मग मायलेकी दोघी रडल्या आणि रडता रडता हसल्या. मुंजाबा पागोट्यानं डोळे पुसत म्हणाला, "आन् मी येडा ओवा चारत बसलो!"

हुश्श! इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. बाईंच्या आईचं ऑपरेशनही सुखरूप झालं.

आता मी विरत चाललेय. भीतीच्या चेहऱ्याचा एक डोळाही उसवलाय. फार दिवस काही निघायचे नाहीत. तेवढ्यात एक मागून घेते. लेकरू हसतंय म्हणजे सुखात आहे, असं धरून चालू नका. विचारा, आणि विचारलं की थोडं थांबा.

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बानानं चिमटा कुठं लावला, ठाऊक आहे? दुःखावर. "आईची लई सय येतीय," म्हणाली. आणि दुपारी खिचडी दोनदा मागून घेतली.