विहिरीचा पत्ता

अद्वैतच्या लॅपटॉपला धाप लागली होती. कुंभार पिंपळगावच्या विहिरींच्या पाण्याची गेल्या वर्षीची सगळी आकडेवारी तो प्रोग्राममधल्या आकडेमोडीच्या फंक्शनला द्यायचा, की दर वेळी तिची अख्खी नक्कल व्हायची. पाणी किती ते दाखवायला विहीरच उचलून न्यावी, तसं. शेवटी त्यानं नक्कल बंद करून मूळ आकडेवारीचा नुसता पत्ता दिला. काम झटक्यात झालं. पण कोरड्या महिन्याचं शून्य दिसलं, की नोंद राहिली असं समजून फंक्शन तिथं सरासरी भरायचं. एरवी ते नकलेत भरायचं, आज मूळ आकड्यांतच भरून बसलं. जपून ठेवलेली दुसरी प्रतही नव्हती.

दोर सोडून पाणी मोजणाऱ्या मच्छिंद्रकाकांना त्यानं फोन लावला.

"काका, माझ्या हातून कोरडे महिने पुसले गेले. आता एकही विहीर कधी आटलेली दिसत नाही."

"मंग आपण टँकरमागं पळत होतो, ते काय व्यायामाला?"

"तुमच्याकडं आकडे असतील ना?"

"तुला पाठवले अन् मोबाइल साफ केला. तूच म्हणल्ता, जागा वाचवा."

टँकरच्या अर्जाला हीच आकडेवारी जोडायची होती.

"यंदाचं बराबर मोजून देतो," काका म्हणाले. "पण गेल्या सालचा कोरडेपणा आता कुठून आणू?"