चाचणीपुरता पाव

गहू सोडल्यापासून बेकरीवालीचं पोट शांत झालं होतं. वर्षभर छळणारे जुलाब थांबले, पोट फुगेनासं झालं, हातापायांत त्राण आलं. नवरा म्हणाला, "झालं ना बरं? आता भट्टी देऊन टाकू कुणालातरी. रोज पीठ उडणार, रोज तुझ्या नाकातोंडात जाणार."

भट्टी सासूने उभी केली होती, हिने वाढवली होती. "आधी नक्की काय झालंय ते कळू दे," ती म्हणाली. "नुसत्या संशयावरून घरातलं माणूस हाकलतात का?"

रक्त तपासलं. रिपोर्टात काही निघालं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाव कधीपासून बंद आहे?"

"झाले असतील तीनचार महिने."

"मग या रिपोर्टाला अर्थ नाही. गहू पोटात गेला, तरच शरीर त्याच्याशी भांडतं, आणि ते भांडण रक्तात दिसतं. खरं उत्तर हवं असेल तर दीड महिना रोज पाव खावा लागेल. त्रास होईल."

"खाते."

आठवड्याभरातच पोटाचा नगारा झाला. सकाळी पाव खायची आणि दुपारी भिंत धरत संडास गाठायची. नवऱ्याला बघवेना. त्याने एकदा तिच्या ताटातला पाव उचलला. "अगं, हे विकतचं दुखणं कशाला?"

"ठेव तो खाली," सासू म्हणाली. "पोट तिचं. तुला कुठे दुखतंय?"

"मनात," तो म्हणाला. तिघंही हसली, ती पोट दाबून.

शेवटी शेवटी घास गिळवेना. एका सकाळी तोंडातला पाव तिने थुंकला, रडली, तोंड धुतलं आणि दुसरा तुकडा पाण्यात बुडवून गिळला.

या खेपेला रिपोर्ट बोलका निघाला. दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून तपासला, त्यातही तेच. "सीलिअॅक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गव्हाशी तुमच्या आतड्याचं हाडवैर आहे, जन्माचं. पिठाची धूळसुद्धा तोंडात जाता कामा नये."

ती घरी आली. दारातच नवऱ्याने विचारलं, "मग भट्टी?"

"भट्टी राहील. गहू जाईल."

पोती गेली, परातीसुद्धा नव्या आल्या. भिंती, छत, भट्टी, सगळं नवऱ्याने आणि सासूने तिला बाहेर बसवून घासलं. तांदूळ आणि मक्याच्या पिठाचा पहिला पाव सासूने टेबलावर आपटून पाहिला.

"याने भिंत बांधता येईल."

"बांधू," ती म्हणाली, आणि पाणी वाढवून नवं पीठ भिजवायला बसली.